एकशे विसावी ओळ

कुसुम खैरनारचं नाक भलतंच तिखट. बंद पडलेला टीव्ही जिन्यातून वर येत असतानाच आत काय जळलंय याचा तिला अंदाज यायचा. "ठेवा तिथं. जळला तेव्हा वास कसा आला, केसांचा की कांद्याचा?" असं ती विचारी, आणि टीव्ही घेऊन आलेला गडी बिचारा आपल्याच शर्टाचा वास घेऊन बघे. अशोकनगरात तिला सगळे 'सोल्डरवाल्या काकू' म्हणत. तोंडावर नाही हं. तोंडावर नुसतं काकू.

सातपूरमधल्या त्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं, त्यातलं डावीकडचं कुसुमचं. आत शिरलं की सोफा-बिफा काही दिसत नाही, आधी दिसतं ते टेबल. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, ओल्या स्पंजची डबी, भिंगाचा दिवा, आणि पोट फाडून ठेवलेलं कुणाचं तरी यंत्र. घरात राळेचा वास इतका मुरलेला, की देवघरातल्या उदबत्तीचं त्याच्यापुढं काही चालत नसे. बाई सत्तरीची, पण हात असा स्थिर की सुईत दोरा ओवायला शेजारणी तिच्याकडं येत. म्हणजे, एके काळी येत.

तिचं माहेर सटाण्याचं. लग्न होऊन नाशिकला आली आणि वर्षाच्या आत सातपूरच्या एका कंपनीत चिकटली. तिथं मीटरमध्ये बसवायची कार्डं बनत. लांबलचक टेबलाला, म्हणजे लाइनला, बावीस बायका, प्रत्येकीच्या हातात तापलेला आयर्न, आणि दिवसभर एकच काम: तार आणि तांब्याची पट्टी यांचा सांधा जोडायचा, पुढं सरकवायचं. तेहतीस वर्षं तिनं तेच केलं. दुसरी असती तर निवृत्त झाल्यावर आयर्नचं तोंड बघितलं नसतं. हिनं निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी नवा आयर्न आणला.

नवरा गंगाधर एसटीत कारकून होता. सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा आल्हाद बेंगळुरूला. तो रविवारी सकाळी फोन करतो आणि "काय चाललंय आई?" म्हणतो. ही म्हणते, "काही नाही, एक सेटटॉप बॉक्स उघडलाय." तो म्हणतो, "बरं." पुढं दोघांनाही काही सुचत नाही. वाईट नाही हो पोरगा, पण तारेचं दुसरं टोक कुठं जोडायचं हे त्याला कधी कळलंच नाही. मग बाई बोलणार कुणाशी? बोलायची यंत्रांशी, तेही माहेरच्या अहिराणीत. बंद रेडिओ उघडला की म्हणायची, "काय व्हयनं तुले?" काय झालं तुला? रेडिओ काय सांगणार? पण दिवसभरात तेवढा तरी आवाज घरात व्हायचा.

आता संक्रांतीचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे.

आपल्याकडं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू. बायका जमतात, तिळगूळ, अत्तर, आणि निघताना हातात वाण. कुणी गाळणी देतं, कुणी कंगवा, कुणी प्लॅस्टिकची डबी, जिचं झाकण तिसऱ्या दिवशी हरवतं. कुसुमचं वाण मात्र वेगळंच. ती घरी बनवायची. एका वर्षी अंधार पडला की आपोआप लागणारा काडेपेटीएवढा दिवा. एका वर्षी पाण्याची टाकी भरली की कोकलणारा बझर. त्या बझरनं तर अख्ख्या कॉलनीला याड लावलं होतं. सकाळी सहाला इकडून तिकडून नुसती पीं पीं. नवरे लोक वैतागायचे, पण टाक्या वाहायच्या थांबल्या ना! खैरनारणीकडचं हळदीकुंकू म्हणजे बायका आठवडाभर आधी विचारायच्या, "यंदा काय गं?" आणि ही नुसती हसायची.

गंगाधर गेला आणि हे बंद झालं, तिला बोलावणीही यायची थांबली. कुणी काही बोललं नाही. भांडण नाही, तंटा नाही. पहिल्या वर्षी तिला वाटलं, सुतक आहे म्हणून. दुसऱ्या वर्षी वाटलं, विसरल्या असतील. तिसऱ्या वर्षी ती समजायचं ते समजली. तेव्हापासून संक्रांतीच्या त्या पंधरवड्यात ती मुद्दाम मोठं किचकट काम काढून बसायची आणि खिडक्या लावून घ्यायची. थंडीचं निमित्त होतंच, नाशिकची थंडी त्या कामाला फार सोयीची.

यंदा मात्र समोरच्या मृण्मयीनं दार वाजवलं.

मृण्मयी बँकेत नोकरीला. चुणचुणीत, गोड बोलणारी, तीन वर्षांपूर्वी समोर राहायला आलेली. तिच्या दाराची गाणं म्हणणारी बेल बंद पडली होती ती कुसुमनंच नीट करून दिली होती. मृण्मयी आत आली, टेबलावरचं सगळं कौतुकानं न्याहाळलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही पूर्वी दिवे करायचा म्हणे वाणाला? आपोआप लागणारे? मला यंदा तेच द्यायचंय. सगळ्याजणी तेच ते स्टीलचे डबे देतात, कंटाळा आला. चाळीस होतील का हो? सामान मी आणून देते."

"चाळीस काय, पंचेचाळीस करते," कुसुम म्हणाली. "दोन-चार जास्तीचे असलेले बरे."

बाईच्या अंगात वारं शिरलं हो. बारा दिवस ती टेबलावरून उठली नाही. पारदर्शक इवल्या डब्या, त्यात नखाएवढं कार्ड, एक उजेड ओळखणारा तुकडा, एक पांढरा दिवा, खाली बटणासारखी बॅटरी. एका दिव्याला अकरा सांधे. हात चालत होते आणि डोकं दुसरीकडंच. मृण्मयीची माणसं शिकलेली, नव्या विचारांची. ती बोलावणारच. हातचं वाण मागितलं आणि बाईला नाही बोलावलं, असं कुठं होतं का? कुसुमनं कपाटातून मोरपंखी साडी काढली, तिला इस्त्री केली आणि पलंगाच्या काठावर घडी घालून ठेवली. येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मृण्मयी आली. दोन खोकी उचलताना म्हणाली, "काकू, तुम्ही ग्रेट आहात. खरंच." आणि दार ओढून गेली.

कुसुमला वाटलं, घाईत आहे पोर. पाचला हाक मारेल. तिनं साडी नेसली. केस विंचरले. खुर्ची दारापासून जवळ ओढली आणि बसून राहिली. समोरची बेल वाजायला लागली. तिनंच नीट केलेली बेल, तेच गाणं, पुन्हा पुन्हा. ती मोजत बसली. अडतीस वेळा वाजली. जिन्याची जागा ती केवढी, समोरच्या दारातल्या चपला सरकत सरकत कुसुमच्या पायपुसण्यावर आल्या. आत हसणं, नाव घ्यायचा आग्रह, बांगड्यांचा आवाज. कुसुमनं दाराच्या भिंगाला डोळा लावला आणि तिथंच उभी राहिली.

बायका निघाल्या तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. जिन्यातला दिवा लावायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. पहिली बाई पायरी उतरली आणि तिच्या हातातला दिवा आपोआप लागला. मग दुसरीचा, तिसरीचा. "अगं बाई, हे बघ! लागला!" सगळा जिना त्यांच्या ओरडण्यानं भरला. आणि कुसुम काय करत होती सांगू? सवयीप्रमाणं बघत होती, एखादा बंद तर नाही ना. एकही बंद नव्हता. मग तिनं साडी सोडली, घडी घातली, आणि मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयी उरलेले दिवे आणि एक डबा घेऊन आली. डब्यात तिळाच्या वड्या. खाली बघत म्हणाली, "काकू, काल तुम्हाला मुद्दामच नाही बोलावलं. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांचं जरा जुनं आहे. कुणी काही बोललं असतं तर? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"बरं केलंस," कुसुम म्हणाली. दुसरं काय म्हणणार? दार लावलं, आणि मग मात्र बाईचं डोकं फिरलं.

"वाईट वाटू नये म्हणून!" ती भिंतीला म्हणाली. "आम्ही नाही कधी असं केलं. आम्ही अख्खी लाइन बोलावायचो. बाविसाच्या बावीस, वर कॉलनीतल्या. एक नाव विसरत नव्हते मी. यादी होती माझी, यादी!"

आणि यादी म्हटल्यावर तिला तो आठवला.

पोटमाळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागं, चादरीत गुंडाळलेला एक संगणक होता. अठ्ठ्याऐंशी साली गंगाधरनं त्याच्या साहेबाच्या भावाकडून, दुबईहून आलेल्या माणसाकडून, आल्हादसाठी घेतलेला. आजच्यासारखा नव्हे. वहीएवढा काळा डबा, वर रबराच्या कळा, टीव्हीला जोडायचा. आणि त्यातलं लिहिलेलं जपून ठेवायचं तर टेपरेकॉर्डरच्या साध्या कॅसेटवर. आल्हाद दोन महिने त्याच्यावर गाडीची शर्यत खेळला आणि कंटाळला. कुसुमनं सोबतचं पुस्तक उशाशी घेतलं. मराठी सातवीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजी अक्षर अक्षर लावून ते पुस्तक सहा महिन्यांत वाचलं आणि स्वतःचा पहिला प्रोग्राम लिहिला. कशाचा? हळदीकुंकवाच्या यादीचा! वर्ष विचारायचं, मग एकेक नाव पडद्यावर यायचं, आणि ही कागदावर उतरवून घ्यायची. गंगाधर पोट धरून हसला होता. "वहीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं गं?" पण ऑफिसात जाऊन त्यानंच चार जणांना सांगितलं होतं.

नव्याण्णव साली तो डबा बंद पडला आणि वर गेला. आता कुसुमला तो हवा होता. मृण्मयीला दाखवायला नव्हे, तिला काय त्याचं. स्वतःलाच दाखवायला, की बघ, तू अशी नव्हतीस.

चार दुपारी लागल्या. पहिल्या दिवशी उघडला. आतले मोठे कपॅसिटर सुकून गेलेले, ते बदलले. वीज दिली, बोटं फिरवली, तर मेमरीची एक चिप तव्यासारखी तापलेली. "हाई शे व्हय तुनं दुखनं," ती म्हणाली. तिच्या खणात जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिपा डब्यात भरून होत्या. त्यातली एक जुळली. टीव्हीला जोडायचा जुना भाग गंजला होता, तो तिनं वगळलाच आणि तार थेट टीव्हीच्या पिवळ्या भोकात नेली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर करडी चौकट उमटली आणि खाली एका ओळीत कंपनीचं नाव आणि साल. बाईनं टाळी वाजवली. एकटीनं.

मग कॅसेट. पाकिटावर गंगाधरच्या अक्षरात 'ह.कुं. यादी'. ते पाकीट तिनं पदरानं पुसलं. टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून चिकटला होता, तो खरवडून काढला, दुसरा घातला. कॅसेट लावली. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत, मांजर आणि करवत एकदम ओरडल्यासारखा. दोनदा अर्ध्यावर थांबलं. मग तिनं बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं हेडचा स्क्रू पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं करत, आवाज टोकदार होईपर्यंत कान लावून फिरवला. चौथ्या दुपारी टीव्हीच्या कडेनं रंगीत पट्टे धावले, चार मिनिटं धावत राहिले, आणि पडद्यावर तिचाच प्रश्न आला. 'वर्ष?' इंग्रजी अक्षरात, पण मराठीच.

तिनं शेवटचं वर्ष दाबलं. नावं यायला लागली. शकुंतला, मंदा, विमलाबाई, पारू. एकेक नाव आलं की एकेक चेहरा. मंदाचं ते नाकात बोलणं, पारूचा डबा रोज कुणीतरी आधीच उघडलेला. कुसुम हसत होती, बोटांवर मोजत होती. एक्केचाळीस झाली आणि प्रोग्राम थांबला.

एक्केचाळीस? तिच्या पक्कं लक्षात होतं, अठ्ठेचाळीस नावं भरली होती. कॅसेट खराब झाली असेल म्हणून तिनं अख्खा प्रोग्रामच पडद्यावर मागवला. खालच्या ओळींमध्ये नावं होती, सगळी, मोजून अठ्ठेचाळीस. प्रत्येक नावापुढं एक आकडा. बहुतेकांपुढं एक. सात जणींपुढं शून्य. आणि वर, एकशे वीस नंबरच्या ओळीत, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं: आकडा शून्य असेल तर नाव दाखवू नको, पुढच्या नावावर जा.

कुसुमला घाम फुटला. जानेवारीत.

शून्य म्हणजे नवरा गेलेली. तिनंच ठरवलेली खूण. आणि शून्यातलं पहिलं नाव यशोदाबाई.

यशोदाबाई लाइनवर तिच्या शेजारच्या स्टुलावर बसायची. दहा वर्षांनी मोठी, मूळची घोटीकडची. कुसुमला आयर्न धरायला तिनं शिकवलं. "घाई करू नगं कुसे. घाई केली की सांधा कोरडा ऱ्हातो. वरून चिकटल्यावानी दिसतो, आतून धरलेला नसतो." दर सांधा नखानं टोकरून बघायची. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात तिचा नवरा हायवेवर ट्रकखाली गेला. महिन्याभरानं ती पुन्हा कामावर आली. आणि त्या वर्षी कुसुमनं वाणाला टाकीचे बझर करायचं काढलं, तर ते एकटीनं होईनात. जेवणाच्या सुट्टीत यशोदाबाई भाकरी बाजूला ठेवून तिच्या मदतीला बसायची. अठ्ठेचाळिसांतले चोवीस बझर यशोदाबाईच्या हातचे होते.

त्या संक्रांतीला कुसुमनं तिच्या नावापुढं शून्य टाकलं.

विसरली होती असं म्हणू का? विसरली नव्हती. आठवायची वेळच येऊ दिली नव्हती. उलट तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. गंगाधरला म्हणाली होती, "बघा, कुणाचं नाव खोडायला नको. खोडलेलं वाईट दिसतं. नाव यादीत आहे, नुसतं वर येत नाही." तो कप घेऊन आत गेला होता.

मग तिनं यादीच्या शेवटी एक नाव वाढवलं. कुसुम. पुढं शून्य. प्रोग्राम चालवला. एक्केचाळीस नावं आली, थांबली. ती आली नाही. किती सुरेख चालत होता तो, एकही चूक नाही. मग तिनं एकशे विसावी ओळ पुसून टाकली आणि पुन्हा चालवला. एकोणपन्नास आली. यशोदाबाई तिसऱ्या नंबरावर होती, मंदा आणि विमलाबाई यांच्या मधे, लाइनवर बसायची तिथंच.

नुसती ओळ पुसून काय होतं म्हणा! पण ओळ पुसल्यावर तिला घरात बसवेना.

तिनं श्रमिकनगरच्या विमलाबाईंना फोन लावला. लाइनवरच्या सगळ्यांची खबर ठेवणारी ती एकच बाई. सात नावं विचारली. चार जणी गेल्या होत्या, दोघींचा काही पत्ता नव्हता. "आणि यशोदाबाई ना? ती आहे की. घोटीला पुतण्याकडं असते, बाजारपेठेच्या मागं, भाताच्या गिरणीशेजारी. का गं, आज एकदम?"

"काम होतं," कुसुम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीत हळदीकुंकवाचा करंडा घेतला, तिळगूळ घेतला, उरलेल्या सात दिव्यांतला एक घेतला, आणि मुंबई नाक्यावरच्या महामार्ग स्टँडवरून घोटीची बस धरली. पांडवलेणी मागं पडली, वाडीवऱ्हे गेलं. एकतीस वर्षं. दार लावून घेतलं तर? घेऊ दे. हक्कच आहे तिचा.

यशोदाबाई ओट्यावर उन्हात बसून सुपात तांदूळ निवडत होती. वाळून एवढीशी झालेली. डावा डोळा पांढरा पडलेला, उजव्यावर जाड काच. कुसुम समोर उभी राहिली.

"कोन हाय?"

"मी कुसुम, यशोदाबाई. लाइनवरची."

"कुसे, तू व्हय?" ती म्हणाली, आणि तिनं सूप काही खाली ठेवलं नाही. "बस."

कुसुम पायरीवर बसली. बसमध्ये चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती कुठल्या कुठं गेली. एकदम म्हणाली, "यशोदाबाई, बझर केले त्या वर्षी मी तुम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं नाही."

"हां," यशोदाबाई म्हणाली. एक खडा काढून अंगणात टाकला. "चोवीस मी केले व्हते त्यातले."

"माहीत आहे."

"मी साडी नेसून बसले व्हते त्या दिशी. चिंतामणी रंगाची. म्हनलं, कंपनीत समद्यांदेखत बोलवायला कुसी लाजली आसंल, ऐन टायमाला यील घरी. दिवेलागणीपतूर बसले." ती थांबली. "दुसऱ्या दिशी तू मला सुट्टीत लाडू दिला."

कुसुमला तो लाडू आठवत नव्हता. पण दिला असणार. डब्यातून, खाली बघत, गोड बोलून. तिचे डोळे भरून आले. यशोदाबाई निवडत राहिली.

"आज कशापायी आलीस?" यशोदाबाईनं विचारलं. "माझ्यासाठी, का तुझ्यासाठी?"

खोटं बोलायला ती एवढ्या लांब आली नव्हती. "माझ्यासाठी. मला बोलावलं नाही, तेव्हा तुमची आठवण झाली. त्याआधी नाही झाली."

यशोदाबाईनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं बघितलं, तिच्या कपाळाकडं. "कवा गेला गंगाधरभाऊ?"

"सहा वर्षं झाली."

"हं," यशोदाबाई म्हणाली, आणि सूप खाली ठेवलं.

पुतण्याची बायको नव्हती घरात, तर चहा यशोदाबाईनंच केला, आणि तो दोघींनी ओट्यावरच घेतला. कुसुमनं चाचरत करंडा काढला. यशोदाबाईनं हात आडवा केला. "कुंकू नगं. आता सवय नाय ऱ्हायली. दुसरं काय आनलंस ते दाव."

कुसुमनं दिवा तिच्या तळहातावर ठेवला. यशोदाबाईनं तो पदराखाली धरला. पदराच्या आत पांढरा उजेड पडला. पदर काढला, विझला. पुन्हा झाकला, पुन्हा लागला. चांगलं दोन-तीनदा करून बघितलं. मग तिनं डबीचं झाकण उघडलं, कार्ड नाकाशी नेलं, आणि अंगठ्याच्या नखानं एकेक सांधा टोकरला, अगदी लाइनवर टोकरायची तसा.

"ह्यो कोरडा ऱ्हायलाय, कुसे," ती म्हणाली. "आजून घाईच करतीस तू. नेऊन नीट कर."

"करते," कुसुम घाईघाईनं म्हणाली. "पुढच्या संक्रांतीला आणून देते."

"तवर मी ऱ्हाते व्हय? लय शानी हाय." यशोदाबाईनं डबी बंद करून तिच्या हातात दिली. "पुढल्या आठवड्यात आन. सकाळच्यानं ये, म्हंजे जेवून जाशीन."

कुसुम संध्याकाळी घरी पोचली. जिन्यात समोरच्या दाराशी एकच चपलांचा जोड होता. तिनं आपलं दार उघडलं, पिशवी ठेवली, हातपायही न धुता टेबलाशी बसली आणि भिंगाचा दिवा लावला. पंचेचाळीस दिव्यांत एक सांधा कोरडा कसा राहिला, हे तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. तिनं कार्ड काढलं आणि भिंगाखाली अकराच्या अकरा सांधे पाहिले. एकदा पाहिले, उलटं करून पाहिले, नखानं टोकरून पाहिले.

अकराही चकचकीत होते. कोरडा एकही नव्हता.

कुसुमनं भिंग बाजूला सारलं. मग आयर्न तापत ठेवला आणि त्यातला एक सांधा वितळवून पुन्हा नव्यानं भरला. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर केला म्हणून सांगायला हवं.